चेहऱ्याची मुदत

औषधांचं खोकं फोडताना वृषालीला तिची मुलगी नभा दिसली, तेव्हा तिला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

इचलकरंजीतल्या मगदूमांच्या मेडिकलमध्ये वृषाली फार्मासिस्ट होती, लग्नाच्या आधीपासून. त्या दिवशी सकाळी लहान मुलांच्या खोकल्याचं एक नवं सिरप आलं होतं. प्रत्येक डब्यावर नऊएक वर्षांची एक मुलगी खिडकीला रेलून हसत होती. वृषालीने एक डबा उचलला, दाराच्या उजेडात नेऊन धरला आणि मग स्टुलावर बसली. मगदूमांना वाटलं चक्कर आली. त्यांनी पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि डबा पर्समध्ये टाकून घरी गेली.

तिचा नवरा हेमंत कोष्टी आपला फोटो स्टुडिओ बंद करून नुकताच जेवायला आला होता. तिने डबा त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"दात आलेत तिचे," ती म्हणाली.

नभा साडेसात वर्षांची असताना डेंग्यूने गेली. तेव्हा तिचे वरचे पुढचे दोन दात पडलेले होते. डब्यावरच्या मुलीला ते आले होते, आणि डावा दात उजव्यावर किंचित चढला होता. हेमंतचे दात तसेच होते.

हे कसं घडलं ते कळायला थोडं मागे जायला हवं.

हेमंतचा स्टुडिओ लग्नांवर चालायचा. मुहूर्त संपले की चार-पाच महिने कॅमेरा कपाटात. अशाच रिकाम्या दिवसांत त्याला इंटरनेटवर स्टॉक फोटो विकण्याचं कळलं. स्टॉक फोटो म्हणजे कुणाच्या लग्नाचे नाहीत, कुणाच्या आठवणीचे नाहीत, कुणीही कशासाठीही विकत घ्यावेत असे फोटो. त्याने आधी पंचगंगेवरचे सूर्यास्त चढवले. एकही गेला नाही. सूर्यास्त जगात लाखांनी पडून होते. मग त्याने सहज, शिंकणाऱ्या नभाचा एक फोटो चढवला आणि तो तीन दिवसांत कुठल्याशा दूरच्या देशातल्या दवाखान्याने घेतला. तेव्हा नभा दोन वर्षांची होती.

त्याच्या लक्षात आलं की गोऱ्या, भुऱ्या केसांच्या मुलांचे फोटो ढिगाने आहेत. सावळी, तेल लावून दोन वेण्या घातलेली, स्टीलच्या डब्यातून चपाती-भाजी खाणारी मुलगी कुठेच नाही. मग त्याने नभाचे फोटो काढायचा सपाटाच लावला. दात घासणारी, अभ्यास करणारी, थर्मामीटर तोंडात धरलेली, रुसलेली, छत्री उघडणारी. प्रत्येक फोटोला चाळीस-पन्नास शब्द जोडावे लागत, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडतो. आणि प्रत्येक फोटोसोबत संमतिपत्र. मूल लहान म्हणून सही बापाची, साक्षीदार म्हणून आईची. नभाला हा खेळच वाटे. शाळेतून आली की दप्तर टाकून विचारायची, "बाबा, आज मी आजारी की हुशार?"

चार वर्षांत तिचे चार हजार फोटो झाले.

मग यंत्रं चित्रं काढू लागली. दोन ओळी लिहिल्या की हवा तो फोटो तयार, न काढता. स्टॉक फोटोंची विक्री काही महिन्यांत बसली. पण यंत्राने काढलेले चेहरे कुणा ना कुणा खऱ्या माणसाशी जुळत, तो माणूस कोर्टात जाई, आणि असे खटले वाढल्यावर नियम आला की जाहिरातीतल्या प्रत्येक चेहऱ्यामागे एका खऱ्या माणसाची लेखी संमती हवी. त्याबरोबर हेमंत जिच्यामार्फत फोटो विकायचा त्या कंपनीला आपल्या जुन्या संमतिपत्रांची आठवण झाली. तिने फोटोग्राफरांपुढे एक योजना ठेवली. नाव होतं 'मूळ चेहरा'.

माणसाचा चेहरा वाढतो त्याला क्रम असतो. जबडा कधी खाली उतरतो, नाकाचा कणा कधी वर येतो, गालाची गोलाई कुठल्या वर्षी जाते, हे सगळं एका रीतीने होतं. कंपनीच्या यंत्राने लाखो माणसांचे बाळपणापासून म्हातारपणापर्यंतचे फोटो ओळीने पाहून ती रीत शिकून घेतली होती. पण रीत सगळ्यांची सारखी. एकाचा चेहरा दुसऱ्याहून वेगळा होतो तो वारशामुळे. म्हणून आई, वडील आणि मूल अशा तिघांच्या लाळेचे नमुने घेतले जात. हाडांची ठेवण ठरवणारी काहीशे जनुकं त्यातून वाचता येत. एकीकडे ही जनुकं आणि दुसरीकडे तारीखवार फोटो, एवढं मिळालं की यंत्र त्या मुलाचा दहाव्या, विसाव्या, चाळिसाव्या वर्षीचा चेहरा काढून देई. हेमंतचा आधी विश्वास बसला नाही. त्याने स्वतःची लाळ आणि लहानपणीचे नऊ फोटो देऊन पाहिले. पडद्यावर आरशातला हेमंत आला, फक्त मिशी नव्हती.

कंपन्यांना असा चेहरा हवा होता. लोक रोज नव्या बनावट चेहऱ्यांना विटले होते. एकच मुलगी दरवर्षी मोठी होताना दिसली की ती घरातली वाटू लागते. त्यासाठी करार चाळीस वर्षांचा होता. हेमंतने तो वाचला, वृषालीला वाचायला दिला, दोघांनी सह्या केल्या. लाळेचा नमुना घ्यायला माणूस घरी आला तेव्हा नभाने त्याला सगळी जीभ बाहेर काढून दाखवली होती. पुढच्या सप्टेंबरात तिला ताप आला आणि सहा दिवसांत ती गेली. कराराची आठवण दोघांनाही राहिली नाही.

आता तो करार ताटाशेजारी येऊन बसला होता.

हेमंत दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात गेला. तिथे ओगले नावाच्या बाई होत्या, चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं आणि करार उघडला. त्यात लिहिलं होतं की मूळ व्यक्ती अठरा वर्षांची होईपर्यंत तिचे दोन्ही पालक मिळून संमती मागे घेऊ शकतात, आणि त्यानंतर हा अधिकार फक्त त्या व्यक्तीचा. हेमंतने विचारलं की व्यक्तीच नसली तर काय. ओगले बाईंनी पान पुन्हा वाचलं.

"तसं काही लिहिलेलं नाही, सर. म्हणजे करार चालू राहतो. तुम्ही दोघांनी आत्ता सह्या केल्यात तर महिन्याभरात सगळं उतरवू आम्ही."

संमती मागे घेण्याचा फॉर्म घेऊन हेमंत घरी आला. सगळं संपल्यासारखं त्याला वाटत होतं. वृषालीने फॉर्म वाचला आणि घडी घालून परत दिला. ती म्हणाली की ती सही करणार नाही.

त्याने कारण विचारलं, समजावलं, आवाज चढवला. ती एकदाच बोलली.

"ती नाही हे मला कळतं. मी खुळी नाही. पण ती असती तर कशी दिसली असती, हे मला दुसरं कोण सांगणार आहे? ती होती तेव्हा तुम्ही तिला जगाला दिलीत, मी काही बोलले नाही. आता तिथून थोडी परत येतेय, तर तिला घालवून द्यायला माझी सही मागताय."

हेमंतने फॉर्म कपाटात ठेवला.

पुढची वर्षं अशी गेली. कंपासपेटीच्या झाकणावर नभा दहा वर्षांची झाली. बाराव्या वर्षी दातांच्या डॉक्टरच्या जाहिरातीत तिला तारा लागल्या आणि तो डावा दात जागेवर आला. चौदाव्या वर्षी ती सायकल चालवू लागली. वृषाली हे सगळं गोळा करायची. वेष्टनं, कात्रणं, रस्त्यावरच्या फलकांचे मोबाईलवर काढलेले फोटो. मेडिकलमध्ये डबे मांडताना ती नभाचे डबे पुढे तोंड करून लावायची. जेवताना कधी सांगायची की उंची वाढलीय, किंवा केस कापलेत, शोभत नाहीत. हेमंत मान खाली घालून जेवायचा. फोटोग्राफर असल्यामुळे त्याला दुसरंच दिसे. चेहऱ्यावर पडलेला प्रकाश कुठल्याच खिडकीचा नाही, डोळ्यांत समोरच्या कुणाचंच प्रतिबिंब नाही, हे त्याला पहिल्या नजरेत कळायचं. त्याने शाळांच्या ग्रुप फोटोंचं काम सोडलं. लहान मुलांचे फोटो काढणं बंद केलं. एका घरात दोघं दोन वेगळ्या मुलींबरोबर राहत होते. त्याची साडेसात वर्षांचीच राहिली, तिची दरवर्षी मोठी होत गेली.

दर वर्षी चौदा मार्चला, नभाच्या वाढदिवशी, तो कपाटातून फॉर्म काढून टेबलावर ठेवायचा. वृषाली सही करायची नाही. त्याच्यावर चहाचा कप ठेवायची नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत कपाटात जायचा.

अठरावं वर्ष जवळ आलं तेव्हा कंपनीकडून एक पत्र आलं. मूळ चेहरा सज्ञान होत असल्याने आता तो प्रौढांच्या विभागात जाईल आणि त्याचे उपयोग वाढतील, असं त्यात होतं. सोबत उपयोगांची यादी होती. मुलांच्या चेहऱ्यांना खोकल्या-तापापलीकडे काही होऊ द्यायचं नाही असा कंपनीचा नियम होता. मोठ्यांना तो नव्हता. यादी दोन पानांची होती. हेमंतने ती स्टुडिओत एकट्याने वाचली आणि खिशात ठेवली.

तेरा मार्चला सकाळी तो वृषालीसमोर बसला. आजच्यानंतर आपल्या दोघांच्या हातात काही राहणार नाही, असं त्याने तिला सांगितलं. इतकी वर्षं तू बघितलंस, आता पुरे, असं म्हणाला. पुढे काय काय दाखवतील सांगता येत नाही, असंही म्हणाला. वृषाली म्हणाली की लग्नाची साडी नेसलेली दाखवतील, नोकरीला जाताना दाखवतील, आणखी काय दाखवणार. यादी त्याच्या खिशात होती. ती काढून वाचायला हवी होती. पण ते शब्द नभाच्या नावापुढे लावून मोठ्याने उच्चारायचे, हे त्याच्याने झालं नाही. तो एवढंच म्हणाला, "माझं ऐक, वृषाली." तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवून नाही म्हटलं. चौदा तारीख आली आणि गेली.

मे महिन्यात वृषाली बहिणीकडे कोल्हापूरला निघाली होती. शिरोलीच्या अलीकडे बस अडकली. रस्त्याच्या कडेला एक मोठा फलक होता, हलत्या चित्रांचा. त्यावर एक मुलगी खाली मान घालून बसली होती. दर काही सेकंदांनी ती मान वर करायची. डावा डोळा सुजून बंद झालेला, गालावर काळंनिळं, ओठ फाटलेला. खाली मारहाण होणाऱ्या बायकांसाठी मदतीचा फोन नंबर होता. बस पुढे सरकायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात नभाने कितीतरी वेळा मान वर केली.

वृषाली तिथेच उतरली आणि उलट्या बाजूच्या बसने परत आली. स्टुडिओत गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग तिने विचारलं, "हे होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"होय," हेमंत म्हणाला.

ती त्याच्यावर ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त फॉर्म कुठे आहे ते विचारलं.

दोघं पुण्याला गेले. ओगले बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी हेमंतला ओळखलं. वृषालीने टेबलावर सही केलेला फॉर्म ठेवला आणि त्यावर नभाचा मृत्यूचा दाखला. ओगले बाईंनी दोन्ही कागद वाचले आणि दोन महिने उशीर झाल्याचं सांगितलं. आता अर्ज मूळ व्यक्तीनेच करायचा. त्याशिवाय यंत्रणा तो स्वीकारतच नाही, कारण मागे काही आईबापांनी मोठ्या मुलांच्या परस्पर करार मोडले होते आणि त्या मुलांचं नुकसान झालं होतं. नियम चांगल्यासाठीच केला होता. फलकाबद्दल हेमंतने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की अशा जाहिरातीत खऱ्या मार खाल्लेल्या बाईला उभं करायला लागू नये, म्हणूनच तर हे चेहरे असतात. त्यात त्यांना काही चूक वाटत नव्हती, आणि खरं तर हेमंतलाही ती सांगता आली नाही.

मग वृषाली बोलली.

"तुमच्याकडे जी नभा आहे, ती अठरा वर्षांची आहे ना?" तिने विचारलं. "मग तिची सही घ्या."

ओगले बाईंनी फॉर्मवर 'मिळाला' असा शिक्का मारून एक प्रत वृषालीला दिली. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

त्यानंतर वृषालीने गोळा केलेलं सगळं एका पेटीत भरून माळ्यावर टाकलं. मेडिकलमध्ये ती आता डबे उलटे लावू लागली. पण नभा थांबली नाही. विसाव्या वर्षी कॅन्सरच्या दवाखान्याच्या जाहिरातीत तिचे केस औषधोपचाराने गेले. बाविसाव्या वर्षी ती अपघाताच्या विम्यासाठी पांढऱ्या चादरीखाली झोपली. चोविसाव्या वर्षी एका दागिन्यांच्या दुकानासाठी नवरी झाली, तेही वृषालीने ओझरतंच पाहिलं. दोघं वकिलांकडे गेले, दोन वेगवेगळ्या वकिलांकडे. दोन्ही वकिलांनी करार वाचून सारखंच सांगितलं. मग हेमंतने एक हिशेब मनात धरला. करार चाळीस वर्षांचा होता. तो संपेल तेव्हा तो ऐंशी वर्षांचा असेल. तोवर जगायचं आणि त्या दिवशी सगळं उतरवलेलं डोळ्यांनी पाहायचं. त्याने तंबाखू सोडली, रोज फिरायला जाऊ लागला. हे त्याने वृषालीला सांगितलं तेव्हा तिने पुष्कळ दिवसांनी त्याच्याबरोबर फिरायला यायची तयारी दाखवली. ती काही वर्षं त्यांची त्यातल्या त्यात बरी गेली.

नभाच्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे कराराची निम्मी मुदत सरत आली असताना, वृषालीच्या मोतीबिंदूच्या तपासणीसाठी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. सकाळची वेळ, बाकं भरलेली. नर्सने वृषालीच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत अर्धा तास सगळं धूसर दिसेल म्हणून सांगितलं. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर एकामागून एक जाहिराती चालल्या होत्या.

हेमंतच्या हाताची पकड घट्ट झालेली तिला कळली. तिने काय झालं ते विचारलं आणि पडद्याकडे तोंड केलं, पण तिला तिथे नुसता उजेड दिसत होता.

"नभा आहे का?"

"होय."

"काय केलंय तिला? सांगा. आता तरी सांगा."

"काही केलेलं नाही. बरी आहे. पाण्याच्या फिल्टरची जाहिरात आहे. तिच्या मांडीवर मूल आहे."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी. दोनेक वर्षांची."

वृषालीने विचारलं की कुणासारखी दिसते. त्याने नीट पाहिलं. मूल कुठल्या तरी परक्या नमुन्यावरून घेतलेलं असेल असं त्याला वाटलं होतं. तसं ते नव्हतं. कपाळ नभाचं होतं. हनुवटी आणि भुवया वृषालीच्या होत्या, तिच्या लहानपणीच्या फोटोत होत्या तशा.

"तुझ्यासारखी," तो म्हणाला.

त्याने मोबाईलवर कंपनीचं पान उघडलं. नवी सोय सुरू झाली होती. जुन्या मूळ चेहऱ्यांना आता मुलं होऊ शकत. निम्मा वारसा मूळ चेहऱ्याचा घ्यायचा, निम्मा यंत्राने बनवलेला. असं मूल कुठल्याही जिवंत माणसाशी ठरावीक प्रमाणाबाहेर जुळत नाही, हे तपासून घेतलं की संमतीची गरज उरत नाही. नियमच तसा बदलला होता. संमती नाही म्हणून करार नाही, आणि करार नाही म्हणून मुदतही नाही. चाळीस वर्षं संपतील, नभा उतरेल, ही मुलगी राहील. तिलाही पुढे मुलं होतील.

हे त्याने वृषालीला सगळं सांगितलं, काही न गाळता. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने मुलीचं नाव काय आहे ते विचारलं. त्याने पाहून सांगितलं की नाव नसतं, नंबर असतो. मग ती म्हणाली की त्यांना लिहा, हिला आजी-आजोबा आहेत. त्याने लिहिलं. आम्ही नभा हेमंत कोष्टी हिचे आईवडील, ही मुलगी आमची नात लागते, तिच्याबद्दल आम्हाला बोलायचं आहे.

उत्तर मिनिटभरात आलं. वृषालीने वाचायला सांगितलं आणि त्याने वाचलं. "आपल्या चौकशीबद्दल आभार. हा चेहरा कोणत्याही व्यक्तीशी संबंधित नाही."

शेजारची बाई नंबर पुकारला म्हणून उठून गेली. वृषालीने डोळे मिटले, थेंबांचं पाणी पदराने टिपलं आणि मान बाकाला टेकवली.

"परत लागली की सांगा," ती म्हणाली.

हेमंत बरं म्हणाला, आणि पडद्याकडे बघत बसला.